हाडं माझी, रंग सुहासचा

"हाडं सोलायला तुम्हाला काय शिकवायचं? पिढ्यान्‌पिढ्या तेच केलंय की तुम्ही," सर म्हणाले आणि बादली पायानं माझ्याकडं सरकवली. बादलीत मेलेल्या वासराच्या तंगड्या होत्या. सुहास हसला. लॅबमधले सगळेच हसले. मी बादली उचलली.

परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होते मी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव कधीच झाला होता, नाव मात्र लागलं नव्हतं. सरांच्या हाताखाली प्रबंधाला दोघंच, सुहास आणि मी. अंड्यातल्या पिलाच्या हाडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. त्यात खरंच हाड धरतंय का, चुना साठतोय का, ते रंग लावून मोजायचं. एक रंग लाल. तो चुन्याला धरतो. मग तो उतरवून किती गडद आहे ते यंत्रात बघायचं. दुसरा चांदीच्या क्षाराचा. तो टाकून बशी उन्हात ठेवली की चुना असेल तिथं काळं पडतं.

रंग सुहासकडं. ताडून बघायला खरी हाडं लागत. ती उकळून, खरवडून साफ करणं माझ्याकडं. तसं ठरलेलंच होतं. रंगाचं काम हाती आल्याशिवाय माझा प्रबंध होणार नव्हता, हे सरांनाही ठाऊक होतं.

मी जळायचे. सरळ सांगते, सुहासवर जळायचे. चांदीच्या पाण्यानं त्याची बोटं काळी व्हायची, डाग कितीतरी दिवस जायचे नाहीत. कँटीनमध्ये तो ती बोटं मिरवायचा. "काय करणार, संशोधन आहे," म्हणायचा. मेला! माझ्या हातांना सडक्या मांसाचा वास. मी ते टेबलाखाली लपवायचे. त्याच्या घराचा, जमिनीचा मला हेवा नव्हता. त्या काळ्या बोटांचा होता. त्याची बशी पडून फुटावी असं वाटायचं. एकदा फुटली. मला फार बरं वाटलं. सरांनी त्याला लगेच दुसरी दिली.

सुट्टीत पूर्णेकडच्या आमच्या गावी गेले. भाकरी वाढताना बाबांनी माझा हात धरला.

"हा कशाचा वास यायलाय?"

"कालेजातला. हाडं साफ करते."

"आन् बाकीचे?"

"सुहास रंग लावतो."

धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं दुकान, पाणी, मजुरी सगळं बंद केलं होतं.

"माय, आमी मार खाल्ला, उपाशी ऱ्हायलो, पर ढोराला हात लावला न्हाई. तू लय शिकून तेच करायलीस?"

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते जेवलेच नाहीत.

हाडाला हात लावण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. दोघांनी सोलली असती तर मी हसत सोलली असती.

सोमवारी बादली पुन्हा आली. मी ती उचलून सुहासच्या टेबलावर ठेवली.

"आज तू सोल. रंग मी लावते."

सर उठले. "जास्त शहाणपणा नको. गाइड मी आहे."

"सर, दोघांनी दोन्ही कामं करायची. नाहीतर मी हाडाला हात लावणार नाही."

"मग डिग्री विसरा."

मी हलले नाही. चांदीची बाटली घेतली, बशीत थेंब टाकले, बशी खिडकीत ठेवली. कुणी अडवलं नाही. हळूहळू बशीत काळे ठिपके उमटायला लागले. ते माझे होते.

सरांनी माझ्या प्रबंधावर सही केली नाही. दुसरा गाइड मिळेपर्यंत माझं वर्ष गेलं. तोवर सुहास त्याच कॉलेजात शिकवायला लागला.

मी अजून जळते. लोक म्हणतात, मत्सर वाईट, सोडून दे. नाही सोडणार. ज्यांच्या ताटात सगळं आयतं पडलं, त्यांनी मला समाधान शिकवू नये. आता मला सरांची खुर्ची हवी आहे. मी ती मागणार नाही. जाऊन बसणार.