यादीत नसलेल्या दोन ओळी

फोन वाजला तेव्हा ताई नवऱ्याचा गुडघा मोजत होती. ऑपरेशनला सात दिवस झाले होते, पाय नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ताईनं त्यासाठी कोनमापक शोधून काढला होता.

"ब्याऐंशी."

"अगं, पंच्याऐंशी तरी म्हण. आजारी माणसाचं मन राखावं."

"आकड्यात कुणाचं मन राखायचं नसतं," ताई म्हणाली आणि फोन उचलला.

पलीकडे नवी होती. तिला कंट्रोल रूममध्ये लागून दीड वर्ष झालं होतं, पण तिच्यामागून दुसरं कुणी आलंच नाही, त्यामुळे ती नवीच राहिली.

"ताई... आत्याबाई गेल्या."

"रडू नकोस. आकडा सांग."

"एकवीस पूर्णांक सहा व्होल्ट. सगळी यंत्रं आपोआप बंद झालीत. ताई, मी सगळं पुस्तकातल्यासारखंच केलं हो! एक ओळसुद्धा चुकवली नाही!"

ताईच्या हातातला कोनमापक खाली पडला. एक ओळसुद्धा चुकवली नाही, हे तिला ठाऊकच होतं. घोटाळा झाला होता तो त्यामुळेच.

आत्याबाई म्हणजे उपग्रह. हवेच्या अगदी वरच्या थरांतली धूळ आणि बाष्प मोजायला सोडलेला. पाच वर्षं चालेल म्हणून पाठवला, आता सतरावं चालू होतं. बारीकसारीक कुरबुरी, मधूनच रुसणं, आणि तरी सगळ्या घराची खबर ठेवणं, यावरून कुणीतरी त्याला आत्याबाई म्हटलं आणि ते चिकटलं. सकाळी दोनदा त्या डोक्यावरून जात, दर वेळी जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत आदल्या दिवसाची माहिती उतरवून घ्यायची आणि पुढच्या दिवसाच्या कामांची यादी वर पाठवायची: किती वाजता कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद. रात्रीच्या दोन फेऱ्या मशीनच ऐकून ठेवी. शास्त्रज्ञ वरच्या मजल्यावर बसत. ताई खालच्या मजल्यावर, कीबोर्डपाशी. टायपिंगच्या परीक्षेवर नोकरीला लागलेली बाई, पण आत्याबाईंची नाडी तिच्याइतकी कुणालाच कळत नसे. हे सगळे म्हणत. आणि सगळे म्हणतात ते ताईला आवडे.

म्हाताऱ्या उपग्रहाचं खरं दुखणं म्हणजे बॅटरी. दर फेरीत अर्धा तास तो पृथ्वीच्या सावलीत जातो. तिथं ऊन नाही, म्हणजे वीज नाही; जे काय आहे ते बॅटरीत. त्यात थंडी वाजली की बॅटरीला ऊब देणारा हीटर आपोआप लागतो, आणि तो चालतो त्याच बॅटरीवर. म्हणजे गारठलेल्या माणसानं शेकायला स्वतःचीच काठी जाळावी, तशातली गत.

सहा वर्षांपूर्वी ताईनं यावर उपाय काढला होता. सावलीत शिरण्याआधी, उन्हात असतानाच हीटर लावायचा, बॅटरी चांगली शेकून घ्यायची, आणि सावलीच्या उंबऱ्यावर बंद करायचा. यादीच्या शेवटी दोनच ओळी वाढवायच्या. तिनं रीतसर अर्ज केला. समितीनं उत्तर दिलं की आधी जमिनीवरच्या नमुन्यावर करून बघा. जमिनीवरचा नमुना कधीच पोटातून रिकामा करून, शाळेतल्या मुलांना दाखवायला प्रवेशद्वारापाशी ठेवलेला होता. मुलं त्याच्या पंखांना लोंबकळत.

मग ताईनं एके दिवशी यादी पाठवून झाल्यावर त्या दोन ओळी हातानं टाइप केल्या. एकच दिवस. आकडा सुधारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आज लिहू, उद्या लिहू करता करता सहा वर्षं गेली. ओळी यादीत नाहीत, पुस्तकात नाहीत. फक्त ताईच्या बोटांत. किती मिनिटं आधी, हेही रोज वेगळं. एखाददुसऱ्या दिवसाची रजा असली तर ती आधीच पुढचं भरून ठेवी. आठ दिवस सलग घरी राहिली ती आत्ताच, नवऱ्याच्या गुडघ्यापायी. दोन दिवसांपलीकडचं आधी भरता येत नाही. नवीला सांगून जायचं होतं. निघताना तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हणाली, "काही अडलं तर फोन कर," आणि आली.

आणि आत्याबाई काही अडल्या नाहीत. भरून ठेवलेले दोन दिवस संपल्यावर रोज थोड्या थोड्या खचत गेल्या, नवीला कळलंसुद्धा नाही, आणि सहाव्या दिवशी एकदम आडव्या झाल्या.

"सोमवारी मीटिंग आहे," ताईनं फोन ठेवत सांगितलं. "बॅटरी संपली म्हणून कायमचं बंद करणार आहेत."

"मग होऊ दे की," नवरा म्हणाला. "सतरा वर्षं झाली. सुटली बिचारी."

"ती मेलेली नाहीये हो! शेकली तर उठेल. जिवंतपणी पुरतायत तिला."

"मग सांग तसं."

"सांगितलं तर विचारतील, तुला कसं ठाऊक. सहा वर्षं परवानगीशिवाय वर आज्ञा पाठवत होते, असं सांगू? त्या खुर्चीवरून उठवतील मला. चौकशी लागेल."

नवऱ्यानं पाय हळूच सरळ केला.

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुझ्या," तो म्हणाला. "गप्प राहिलीस तर कुणाला कळणार?"

"कुणालाच नाही."

"आणि ती पोरगी?"

"तिला वाटतंय तिनंच मारली."

"हं," नवरा म्हणाला. "तुझं तू बघ. मी काय, एका पायावर उभा."

सोमवारी मीटिंगच्या खोलीत साहेब, वरच्या मजल्यावरचे बाष्पवाले सर, नवी आणि ताई. नवीचे डोळे सुजलेले. तिनं समोर कागदांचा गठ्ठा ठेवला होता, एकेक ओळ हिरव्या पेननं खूण केलेली, जणू कुणी तपासायला येणार होतं.

साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी पडद्यावरची उतरती रेघ दाखवली आणि मुद्दाम नवीकडे बघून म्हणाले, "सहा दिवसांत एवढी घसरण म्हणजे वयाचा दोष. कुणाची चूक नाही. उद्या सकाळच्या फेरीत बंद करायच्या आज्ञा पाठवू. उरलंसुरलं इंधन संपवायचं, बॅटरी तोडायची, रेडिओ बंद. नीट निरोप देऊ."

"आणखी वर्षभर टिकली असती तर," बाष्पवाले सर म्हणाले, "सतरा वर्षांची सलग नोंद अठरा झाली असती. नवा उपग्रह यायला वर्षभर आहे. मधे खंड पडला की जुने आकडे नव्यांशी जुळवता येत नाहीत."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, सर."

साहेब स्वतःच हसले. नवीनं खाली मान घातली आणि हिरव्या पेननं पुन्हा पहिल्या ओळीपासून खुणा करायला लागली.

"वयाचा दोष नाही," ताई म्हणाली.

"अं?"

"बॅटरी संपलेली नाही, साहेब. हिनं पुस्तकाप्रमाणे केलं. मी सहा वर्षं पुस्तकाप्रमाणे केलेलं नाही." आणि तिनं सगळं सांगितलं. दोन ओळी, शेक, उंबरा.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही."

"सहा वर्षं! आणि नोंद? मशीन तर प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवतं!"

"आहे ना नोंद. दर शुक्रवारी तुमच्या टेबलावर येते. तुमची सही असते त्यावर."

"ताई, मी ते वाचून सही करतो असं वाटतं का तुम्हाला!"

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. बाष्पवाले सर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघायला लागले.

शेवटी ठरलं ते असं. आठ दिवसांची मुदत. ताई जे काय हातानं करत होती ते तिनं ओळीनं लिहून द्यायचं. साहेब ते वाचतील. नवी पाठवेल. आत्याबाई सावरल्या तर पुढे बघू. नाही तर निरोप.

"आणि तुमचं कार्ड," साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "आजपासून आतल्या दाराला लागणार नाही. चौकशी होईपर्यंत. माझीही होईल, घाबरू नका."

आतल्या दाराबाहेर, काचेसमोर, एक बाकडं होतं. तिथं बसून ताई लिहायला लागली. अर्ध्या तासात तिला कळलं की आपल्याला लिहिता येत नाही.

"'सावली लांब असेल तर जरा जास्त,'" नवीनं शेजारी बसून वाचलं. "जरा म्हणजे किती?"

"म्हणजे बघायचं आदला आकडा कसा आहे."

"कसा म्हणजे?"

"अगं, कुरकुरत असेल तर कळतंच."

"मला नाही कळत," नवी म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला कसं कळणार? ताई, मी शुक्रवारपासून झोपले नाहीये. आईला सांगितलं, माझ्या हातून सतरा वर्षांचं काम गेलं. तुम्ही दीड वर्ष माझ्या शेजारी बसून रोज त्या दोन ओळी टाइप करत होतात. मी विचारलं होतं एकदा, हे काय. तुम्ही म्हणालात, काही नाही गं, सवय."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

विसरले, असं म्हणता आलं असतं. समितीची भीती होती, असंही. दोन्ही अर्धवट खरं होतं.

"तुला सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं?" ताई म्हणाली. "वरच्या मजल्यावर सगळे डॉक्टर. मला एवढंच येत होतं."

नवीनं पेनचं टोपण काढलं. "लिहा. सावली चौतीस मिनिटांची आणि आदला आकडा पंचवीस. तर किती मिनिटं शेक?"

"अकरा."

"चोवीस असेल तर?"

"बारा. नाही, थांब. बाराच."

असे तीन दिवस गेले. सहा वर्षांच्या नोंदी काढून, आकड्यासमोर आकडा मांडत, त्या दोघींनी सव्वीस ओळी तयार केल्या. साहेबांनी त्या बोट ठेवून वाचल्या, दोनदा. इकडे नवीनं आत्याबाईंना एकेक यंत्र लावत शुद्धीवर आणलं. गुरुवारी सकाळी दहा चाळीसच्या फेरीत पहिल्यांदा शेक देणारी यादी वर गेली. सावलीतून बाहेर पडून त्या पुन्हा डोक्यावर येणार होत्या बारा अठराला.

ताई बाकड्यावर. काचेतून नवीची पाठ दिसत होती, पडदा नव्हता दिसत. तिनं सवयीनं दोनदा कार्ड दाराला टेकवलं. दोन्ही वेळा लाल दिवा. बारा अठरा. बारा वीस. नवीची पाठ हलत नव्हती. बारा तेवीसला ती उठली आणि बाहेर आली.

"चोवीस पूर्णांक नऊ."

ताईनं हिशोब केला होता चोवीस पूर्णांक चारचा. आनंद झालाच, पण आकडा जुळत नव्हता.

"एवढा कसा आला? बारा मिनिटांना एवढा येत नाही."

नवीनं मागे वळून दाराकडे पाहिलं. "चौदा ठेवली मी."

"यादीत?"

"यादीत बाराच आहेत. शेवटी हातानं बदललं. इतके दिवस गारठलीय, बारानं काय होणार, असं वाटलं."

"वाटलं?"

"आकडा चांगला आलाय ना ताई? उद्यापासून बाराच ठेवते. कुणाला कळणार नाही."

ताईनं तिचा दंड धरला, जरा जोरातच. "आत्ता जा. साहेबांना सांग."

"मुदत काढून घेतील! आत्याबाई जातील!"

"जातील कदाचित. तरी जा."

"तुम्ही म्हणताय हे!"

"मीच म्हणणार ना. दुसरं कोण म्हणेल?"

जिन्यावर पावलं वाजली. साहेब येत होते, चष्मा नाकावर, हातात मशीनमधून नुकताच निघालेला नोंदीचा कागद. चालता चालता वाचत होते, भिंतीला खांदा घासला तरी मान वर नाही.

"यादीत बारा," ते म्हणाले. "इथं चौदा. कुणी सांगितलं?"

त्यांनी पाहिलं ताईकडे. ताईनं नवीचा दंड सोडला. मीच, असं म्हणून टाकणं फार सोपं होतं. आता आणखी काय बिघडणार होतं तिचं?

"माझं मीच," नवी म्हणाली. "ताईंना माहीत नव्हतं. आत्ताच सांगितलं. येतच होते तुमच्याकडे."

साहेबांनी कागद बघितला, नवीला बघितलं. रागावतील असं वाटलं. पण ते बाकड्यावर बसले, दमल्यासारखे, आणि खिशातून पेन काढलं.

"मुदत राहील की नाही ते मला ठाऊक नाही. हे मला वर कळवावं लागेल. पण आधी उद्याचं ठरवा, फेरी काही थांबत नाही. बारा की चौदा?"

"चौदानं बॅटरी तापेल उद्या," नवी म्हणाली. "बारा कमी पडतील."

"तेरा," ताई म्हणाली.

दोघांनी मान वर केली. साहेबांनी पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही.

"कारण?"

ताईनं तोंड उघडलं. तेराच, याची तिला खात्री होती. काचेपलीकडे पडदे निळे झाले होते, फेरी संपली होती. कारण काही केल्या सापडेना.

"थांबा," ती म्हणाली आणि नोंदींचा गठ्ठा मांडीवर ओढून घेतला. "शोधते."