टेम्पोची वर्गणी

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर चुकांची माफी असावी.

आई गेली तेव्हा माझा भाऊ पाच वर्षांचा होता. बदलापूरकडच्या आमच्या गावात मीच त्याला वाढवलं. त्याला कबड्डीचं वेड. अंगणात राखेची रेघ मारायचा आणि पकडायला दुसरं कुणी नसलं की मला उभं करायचा. मी त्याचा पाय धरायची, तो दम न सोडता रेघेपर्यंत मला ओढत न्यायचा. लग्न होऊन मी उल्हासनगरला आले. पुढे तो गावच्या संघात खेळू लागला, पण त्याला मैदानात मी एकदाही पाहिलं नव्हतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. भात झोडून झालं की गावोगाव सामने लागत. तो अंबरनाथच्या कारखान्यात रोजावर होता. येताना सामन्यांची हँडबिलं आणायचा. मी ती तांदळाच्या डब्याखाली ठेवायची. एकदा शेजारणींनी पाहिली आणि तिथूनच बेत निघाला. शनिवार-रविवार टेम्पो करायचा, वांगणी, नेरळ, कर्जत अशा तीन गावांचे सामने बघायचे, मुक्काम माझ्या माहेरी. आम्ही सात जणी, प्रत्येकीचे चाळीस रुपये. मी कमी बोलते म्हणून पैसे माझ्याकडे ठेवले.

समोरच्या सिंधी भाभीने विचारलं, "पण बॉल किधर है? बॉल नाही तर मी काय बघू?"

"माणसं बघा भाभी, चड्डीतली," एक जण म्हणाली. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

आम्ही फायनलचे दिवस धरले होते. भावाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "बाय, आमचा संघ तं पयल्या दिवशीच घरी येतो. फायनलला येऊन कोनाला बघशील?" थोरल्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. मग सगळे दिवस खोडून पहिल्या फेरीचे लिहिले.

सामन्यात कुणी चांगली चढाई केली की बघणारे बक्षीस देतात आणि ते कर्ण्यावरून पुकारतात. मी दहाची नोट आणि एक रुपया रुमालाच्या गाठीत वेगळा ठेवला. माझं नाव पुकारलेलं मला सोसलं नसतं. "त्याच्या बहिणीकडून अकरा रुपये" एवढंच सांगायला लावणार होते.

आमच्या जाण्याला पंधरा दिवस होते. मुरबाडकडच्या एका सामन्यात तिघांनी त्याला धरलं आणि गुडघा फिरला. आधी हाडवैद्याकडे नेलं. सूज वाढली तेव्हा मोठ्या दवाखान्यात. पैसे आधी भरा म्हणाले. यांचा पगार व्हायला आठवडा होता. मी घरी येऊन वर्गणीचा डबा उघडला. कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर रडले असते.

शेजारणी कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवत होत्या. आठ दिवस मी मान हलवत राहिले. शेवटी वर्गणी दवाखान्यात भरली हे नळावर सांगून टाकलं.

 एक म्हणाली, "मग आता टेम्पो करून प्लास्टरच बघायला जाऊ."

तिचं चुकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, पण पाय वाकेना. कारखान्याने उभ्याचं काम दिलं नाही. तो गेटवर राखणीला बसू लागला. एकदा मी त्याला म्हटलं, बरा झालास की जाऊ. तो म्हणाला, "आता काय बघनार बाय? अंगनात बघितलंस ना, तेच."

सहा जणींचे दोनशे चाळीस रुपये फेडायचे होते. मी जीन्सच्या पँटींचे धागे कापायला आणू लागले. डझनाचा हिशोब, निळी बोटं. पाच जणींचे फेडायला वर्ष गेलं. भाभी मात्र घेईना. "रख ना. पुढच्या साली जाऊ. पैसे घेतले तर मग जायचं संपलं."

पुढचं साल आलं. त्याने हँडबिलं आणली नाहीत. मीही विचारलं नाही.

दिवाळीआधी भाभीचं बिऱ्हाड शहाडला जायला निघालं. माझ्याकडे एकोणतीस रुपये जमले होते. मी रुमालाची गाठ सोडली. इतक्या दिवसांनी ती दातांनीच सुटली. नोट आणि नाणं त्या एकोणतीसांवर ठेवलं आणि सगळं तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग न मोजता कमरेला खोवलं. चाळीस पुरे होते. कुणाचं काही राहिलं नाही.