पाय दिसणारा टीव्ही

माझी वहिनी लग्न होऊन कळंबला आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या तळाशी गुडघ्याला घालायचे पट्टे होते. ते आईला दिसले. तिनं काळजीनं विचारलं, एवढ्या लहान वयात गुडघे दुखतात का? वहिनी म्हणाली, दुखत नाहीत, कबड्डी खेळताना दुखू नयेत म्हणून घालायचे. आईनं ते पट्टे धुऊन तारेवर वाळत घातले.

वहिनी निरवांगीची. शाळेत असल्यापासून ती कबड्डी खेळायची. डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा, हे तिचं काम. लग्नानंतर खेळ सुटला आणि तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण संध्याकाळी डेअरीला दूध घालायला जाताना वाटेत शाळेचं मैदान लागायचं आणि तिथं गावातल्या पोरी जमेल तशी कबड्डी खेळत असायच्या. एक दिवस वहिनीनं कॅन खाली ठेवला आणि एका पोरीचे खांदे धरून तिला कसं उभं राहायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी पोरी वाट बघत थांबल्या होत्या. महिनाभरात ती रोज मैदानावर जायला लागली. आता घरात वादावादी होणार असं मला वाटलं होतं, पण माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते एवढंच म्हणाले, "साडीत कशी पळतीस? ड्रेस घाल की."

याला आता पंधराएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा बारामतीत कॉलेजला होते. त्याच सुमाराला घरातल्या जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली आणि नवा टीव्ही घ्यायचं ठरलं. डबा टीव्ही आता कुणी घेत नाही, भिंतीला लावायचा सपाट टीव्ही घ्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझ्या भावानं, दादानं, तर एलसीडी घ्यायचा हे मनात पक्कं केलं होतं. काटेवाडीला त्याच्या मित्राकडं एलसीडी आला होता. दादा तिथं क्रिकेटची मॅच बघून आला आणि गवत किती हिरवंगार दिसतं ते आठवडाभर सांगत होता.

बारामतीच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, दादा, वहिनी आणि मी. वरच्या मजल्यावर एका भिंतीवर ओळीनं टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर तेच मासे पोहत होते, तीच फुलं उमलत होती. दुकानदार पन्नाशीचा, शांतपणे बोलणारा माणूस होता. त्यानं एलसीडी आणि प्लाझ्मा शेजारी शेजारी दाखवले आणि फरक समजावून सांगितला. एलसीडी वजनाला हलका, वीज कमी खातो, दिवसाढवळ्याही झगझगीत दिसतो. प्लाझ्माचा रंग खोल, काळा म्हणजे खरोखर काळा, पण काच जड, खिडकीचा उजेड तिच्यात दिसतो, टीव्ही तापतो आणि एकच चित्र फार वेळ स्थिर ठेवलं तर त्याचा डाग पडद्यावर बसतो. गावाकडं लोडशेडिंग आहे, इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर एलसीडीच बरा, असंही तो म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही. दादानं माझ्याकडं बघून मान हलवली. त्याच्या दृष्टीनं खरेदी झाली होती.

तेवढ्यात वहिनीनं पर्समधून एक डीव्हीडी काढली.

गावात लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता. त्यानं आमच्या पोरींचा एक सामना हौसेनं शूट केला होता, तीच ही डीव्हीडी. वहिनीनं दुकानदाराला विचारलं, हे दोन्ही टीव्हींवर लावून बघता येईल का. मला वाटलं, तो काहीतरी कारण सांगून टाळेल. पण त्यानं खालून प्लेअर मागवला, वायरी जोडल्या आणि मासे जाऊन दोन्ही पडद्यांवर आमच्या शाळेचं मैदान आलं. संध्याकाळची वेळ, धुरळा, कडेला उभी असलेली गावातली माणसं. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

वहिनी आधी लांबून बघत होती. मग जवळ गेली. मग बाजूला झाली. आणि मग ती सरळ दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. दादा अवघडला. "अगं, खुर्ची हाय की," तो हळूच म्हणाला.

"पोरी खालीच बसणार हायत," वहिनी म्हणाली. "त्यांना कसं दिसतंय ते बघती."

मीही तिच्या शेजारी बसले. खालून बघितल्यावर एलसीडीचं चित्र एकदम काळवंडलं, पोरींचे चेहरे ओळखू येईनात. प्लाझ्मावर उभ्यानं जसं दिसत होतं तसंच बसूनही दिसत होतं. पण वहिनीचं लक्ष चेहऱ्यांकडं नव्हतं. ती पायांकडं बघत होती. तिनं दुकानदाराला एक जागा पुन्हा लावायला सांगितली. आमची एक पोरगी चढाईला गेली होती आणि बोनस रेषेपलीकडं पाय टाकून परत आली होती. बोनसचा गुण मिळायला पुढचा पाय रेषेपलीकडं टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. पंचांनी तो गुण दिला नव्हता आणि पोरगी तेव्हापासून रुसली होती.

एलसीडीवर तिचे पाय हलले की मागं पुसट शेपटासारखं काहीतरी ओढलं जायचं. मागचा पाय टेकलेला होता की उचललेला, सांगता येत नव्हतं. प्लाझ्मावर पाय म्हणजे पाय होता. टाच उचललेली होती आणि चवड्याचा एवढासा भाग जमिनीला चिकटून होता.

"टेकलाय," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"न्हाय, उचललाय," दुसरं म्हणालं. दुकानदारानं स्वतःहून ती जागा पुन्हा लावली आणि चष्मा सावरून पुढं वाकला. बघता बघता सातआठ माणसं त्या टीव्हीपुढं जमली होती आणि कोणाला कसलीही घाई नव्हती.

"टेकलाय," वहिनी म्हणाली. "पंचांचं बराबर हाय. आता तिला दाखवता येईल."

दादानं शेवटचा प्रयत्न केला. लाईट दिवसातून किती वेळ असते, हा एवढा वीज खाणारा टीव्ही इन्व्हर्टरवर किती वेळ टिकणार, असं त्यानं विचारलं. वहिनी फरशीवरून उठली, ड्रेस झटकला आणि म्हणाली, "लाईट असंल तवा बघू. लाईट नसंल तवा मैदान हाय."

दादा थोडा वेळ दोन्ही टीव्हींकडं बघत राहिला. क्रिकेटचं हिरवंगार गवत त्याच्या डोळ्यांपुढून जाताना मला जणू दिसत होतं. मग त्यानं दुकानदाराला विचारलं, "प्लाझ्मा घरपोच देता का?"

टीव्ही टेम्पोतून आला तेव्हा तो उचलायला चार माणसं लागली. आबांनी भिंतीवर मूठ आपटून बघितली आणि ही भिंत हे ओझं पेलणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळं भिंतीला लावायचा टीव्ही धान्याच्या कोठ्या काढून सिमेंटच्या ओट्यावर ठेवला गेला. खिडकीचा उजेड काचेत दिसायला लागला तेव्हा आबांनीच खिळे ठोकून खिडकीवर घोंगडी लावली. टीव्ही तापायचा हे दुकानदाराचं खरं निघालं. थंडीत आबा मुद्दाम त्याच्या जवळ बसायचे आणि आत काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. लाईटबिल वाढलं. दादानं ते एकदोनदा बोलून दाखवलं आणि मग सोडून दिलं.

पोरी संध्याकाळी मैदानावरून थेट आमच्याकडं यायला लागल्या. आई त्यांना आधी हातपाय धुवायला लावायची. त्यांतली एक कालव्याकडच्या वस्तीवरची होती, अंगानं बारीक, वाऱ्यासारखी पळणारी, पण चढाईला गेली की हटकून पकडली जायची. का पकडली जाते ते कोणालाच कळत नव्हतं. तिचीच चढाई वहिनीनं टीव्हीवर लावली. स्वतःला पडद्यावर बघून पोरगी आधी लाजली, तोंड ओढणीत लपवलं. वहिनीनं तीच चढाई पुन्हा लावली, आणि पुन्हा. मी दाराशी उभी होते. मला वाटलं होतं वहिनी आता समजावून सांगेल, पण ती नुसती थांबली होती.

शेवटी पोरगी म्हणाली, "मी उडी मारायच्या आधी खाली बघती."

"मग?"

"कुठं उडी मारणार ते त्यांना कळतंय."

"बराबर," वहिनी म्हणाली आणि टीव्ही बंद केला. "आज एवढंच."

तो प्रसंग मी विसरू शकत नाही. मी पुढं शिक्षिका झाले. वर्गात एखादं उत्तर माझ्या जिभेवर येतं आणि मी ते गिळून मुलांकडं बघत उभी राहते, तेव्हा मला कळतं की ही सवय कोणाकडून लागली.

त्या वर्षी इंदापूरला स्पर्धा झाली. आम्ही सगळे गेलो, आबासुद्धा. बारीक पोरीनं उपांत्य सामन्यात समोर नजर ठेवून अशा काही चढाया केल्या की कडेची माणसं तिचं नाव विचारायला लागली. अंतिम सामना मात्र आम्ही हरलो. जीपमध्ये पोरी रडत होत्या. वहिनीनं वाटेत भेळ खायला घातली आणि शूटिंगवाल्याला सांगितलं, हरलेल्या सामन्याची डीव्हीडी आधी दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पोरींना समोर बसवून तो सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला. एका ठिकाणी चित्र थांबवून म्हणाली, "हितं मी चुकले. हितं मी टाइमआऊट घ्यायला पायजे होता." पोरी तिच्याकडं बघतच राहिल्या. आपल्या शिकवणाऱ्या बाईची चूक त्यांनी याआधी कधी तिच्याच तोंडून ऐकली नव्हती.

असं चित्र थांबवून थांबवून व्हायचं तेच झालं. मैदानाची पांढरी रेघ पडद्यावर कायमची उमटली. आईची मालिका लागली की नायिकेच्या कपाळावरून ती रेघ आडवी जायची. आईनं पुष्कळ दिवस कुरकुर केली, मग तिला सवय झाली. पाहुणे विचारायचे, तर ती सांगायची, "ती बोनसची रेघ हाय."

टीव्ही बरीच वर्षं चालला. बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, प्लाझ्मा कोणी बनवतच नाही आता, पार्ट मिळणार नाही. दादा हळहळला, वहिनीपेक्षाही जास्त. आता घरात पातळ, हलका टीव्ही आहे, भिंतीनं तो सहज पेलला आहे आणि त्यात पायही चांगले दिसतात. सामन्यांचं शूटिंग दादा स्वतः मोबाईलवर करतो. तो कडेला उभा राहून पंचांशी इतकी हुज्जत घालतो की वहिनी त्याला लांब जाऊन उभं राहायला सांगते. वस्तीवरची बारीक पोरगी आता पोलिसात आहे. सुट्टीला आली की मैदानावर येते.

गेल्या हिवाळ्यात ती आली होती, तेव्हा पोरींनी हट्ट धरून गावातल्या सुना विरुद्ध पोरी असा सामना लावला. वहिनी आता चाळिशीला आली आहे. तिनं ड्रेसवर ते गुडघ्याचे पट्टे चढवले आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पोलिसातली पोरगी चढाईला आली, समोर नजर ठेवून, कुठं जाणार याचा काही पत्ता लागू न देता. ती वळली तेव्हा वहिनी जमिनीवर आडवी झालेली मला दिसली आणि तिच्या दोन्ही हातांत घोटा होता. पोरगी मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पालथी पडली आणि तिथंच पडून हसायला लागली.

पुढचे काही दिवस वहिनीला जिना चढता येत नव्हता. मी तिच्या कमरेला तेल चोळत होते आणि ती उशीत तोंड खुपसून मला सांगत होती, "वन्सं, पण पकड बघितलीत न्हवं? हलली बी न्हाय."