चुकलेली भुवई

“मग आभाळ कोसळलं का, वहिनी? गिऱ्हाईक काय भिंग घेऊन येतं?” वन्संनी चहाचा कप पुढे ओढला.

टेबलावर पाच-सहा कापडी बाहुल्या ओळीनं बसवल्या होत्या. सगळ्यांची डावी भुवई वर चढलेली, जणू घरातल्या प्रत्येकाला जाब विचारत होत्या.

ती भुवई वहिनीचीच चूक होती. टाका घालताना दूध उतू गेलं, ती धावली आणि हात चुकला. नंतर उसवू म्हणून तिनं बाहुली शिवणाच्या डब्यात टाकली, ती पुन्हा सापडलीच नाही. एरवी तयार माल नवराच गाळ्यावर पोचवायचा. आज तो घाईत होता म्हणून ती स्वतः गेली, तर फळ्यांवर जिकडेतिकडे तीच भुवई! वन्संनी नमुना म्हणून नेमकी ती बाहुली कारखान्यात दिली होती.

धंदा दोघींचा. मुलीच्या तापात तिनं उशीच्या जुन्या अभ्र्याची बाहुली केली, शेजारणींनी तशाच मागितल्या, आणि थोरल्या नणंदेनं कंबर कसली. “हात तुझे, तोंड माझं,” म्हणत वन्संनी बाजारात गाळा घेतला. प्रत्येक बाहुलीच्या पाठीला पट्टी लावायची, ‘वहिनीच्या हातची’. बाहुली कापसानं भरून झाली की ती तिला मांडीवर घेऊन बघत बसे. चेहरा मनात आला की मगच डोळे काढायचे. “नाव-गाव विचारतेस का तिला?” नवरा चिडवायचा.

“तुझ्या दोन हातांनी मागणी पुरी झाली असती?” वन्सं म्हणाल्या. “एकेकीला नवरीसारखी नटवत बसतेस.”

“मग तसं तोंडावर सांगायचं. आणि पट्ट्या? जास्तीच्या पट्ट्या हव्यात म्हणालात, मी डोळे फोडून भरतकाम केलं. ते या मालावर लावायला?”

“सांगितलं असतं तर तोंड फुगवून बसली असतीस.”

“अगं, बाहुल्यांवरून कसल्या भांडता?” सासूबाई मध्ये पडल्या. “घरातलं घरात मिटवा.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतला चहा फुंकत होता. चहा केव्हाच निवला होता.

“कारखान्यातून गठ्ठे कोणी आणले?”

“ताईनं सांगितलं, मी आणले,” तो पुटपुटला. “म्हटलं, तुझाच त्रास वाचेल.”

वन्संचं तिनं गिळलं असतं. त्यांचा जीव विक्रीत, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण हा माणूस रोज संध्याकाळी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचा. “दमलीस का गं?” विचारायचा. तिला भरून यायचं. त्याच हातांनी गठ्ठे उचलले होते.

“अगं, बोल की काहीतरी,” तो म्हणाला.

तिनं कात्री घेतली आणि बाहुल्यांच्या पाठीवरच्या पट्ट्या एकेक करून उसवल्या. कोणी अडवलं नाही.

“उद्या मी गाळ्यावर उभी राहणार,” ती म्हणाली. “येईल त्याला सांगणार, हा माल माझा नाही. त्यानंतर वन्सं, गाळा तुमचा. मी माझा धंदा वेगळा करतेय. आणि अहो, माल पोचवायला मला तुम्ही नकोत.”