अकारविल्हे निमंत्रक

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच करणार, असं मी घरात छाती फुगवून सांगितलं. गुलमंडीवरच्या प्रेसवाल्याची गरजच काय? ऑफिसात मी दिवसभर तेच करतो. एक्सेलमधली यादी पायथनच्या एका लायब्ररीला, म्हणजे आयत्या कोडाला, द्यायची. ती पानं जुळवते आणि देखणी पीडीएफ काढून देते.

वडिलांनी वहीत मानाप्रमाणे नावं लिहून दिली. मी ती एक्सेलमध्ये भरली, ऑफिसचा जुना कोड चिकटवला आणि चालवला. गणपती, वेलबुट्टी, सगळं झकास. न वाचताच भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

त्या कोडात नावं अकारविल्हे लावणारी एक ओळ होती. ऑफिसच्या यादीला ती लागतेच. इथं तिनं काय केलं? माझा ‘अ’वाला रांगता पुतण्या पहिला निमंत्रक झाला. नावाआधी ‘कै.’ असलेले आजोबा ‘क’च्या रांगेत, जित्या माणसांच्या मधोमध जाऊन बसले. आणि घरातले सगळ्यांत वडील, ‘ह’वाले मोठे काका, तळाला.

काकांनी ग्रुप सोडला. लग्नालाही येणार नाही, असा करमाडहून निरोप आला.

“दादाशिवाय मी अक्षता पडू देणार नाही,” वडील मला म्हणाले. “तू घातलास घोळ, तूच निस्तर.”

गेलो करमाडला. काका ओट्यावर बसलेले.

“कुणी लावली ही यादी?”

“कम्प्युटरनं, काका.”

“त्याला काय ठाऊक कोण आधी जन्मलं! तुला तर ठाऊक व्हतं का नाय?”

“व्हय. चुकलं.”

“माझ्या मेलेल्या बापाला जित्यात बसवलंस, लेका.”

आतून काकू म्हणाल्या, “मामंजी असते तर लई हसले असते. तुम्हीबी हसा की आता!”

काका हसले नाहीत, पण मिशी हलली. “येतो. पण नावं मी सांगीन तशीच लागली पाहिजेत.”

ते सांगत गेले, मी मोबाइलवर टिपत गेलो. शेवटी ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणाऱ्या पोरांची ओळ आली. तिथं रांगत्या पुतण्याच्याही खाली काकांनी माझं नाव घालायला लावलं.

घरी येऊन मी कोडातली ती अकारविल्हेची ओळ खोडली आणि लायब्ररीनं काकांच्या क्रमानं सगळं निमूट जुळवून दिलं. लग्नात मोठे काका सगळ्यांत पुढं बसले होते. मला मात्र दिसेल तो पाहुणा विचारत होता, “काय बाळ, दूध पिलास का?”