मामींच्या उंचीची सुतळी

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट थेट केली नाही. आधी तिची तालीम करायची, तालमीत सापडतील तेवढ्या चुका काढायच्या, आणि मग खरी गोष्ट करायची, असा त्यांचा शिरस्ता. हे काही माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईचं माहेर दापोलीकडे खाडीकाठच्या एका गावात, आणि मामा त्याच गावच्या मोहल्ल्यातले. कोकणात आईच्या गावचा कौलावरचा कावळासुद्धा मामा लागतो. जेद्द्याच्या कंपनीत मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग आईचं, आणि "म्हंजे तू भाचा लागलास की रे मेल्या!" असं ओरडून पाठीत असा काही गुद्दा घातला की मला वाळवंटात आल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरायला झालं. तेव्हापासून मी भाच्या आणि ते मामा.

मामा कंपनीत टाइल आणि फिनिशिंगचे फोरमन. आमची कंपनी मोठमोठी हॉटेलं बांधायची, आणि चारशे खोल्यांचं हॉटेल असलं तरी आधी एकच खोली पुरी करायची पद्धत असते. तिला साइटवर मॉकअप म्हणतात. फरशीपासून पडद्यापर्यंत सगळं लावायचं, मालक येतो, नळ सोडून बघतो, गादीवर बसून बघतो, चुका सांगतो, आणि त्याने मान डोलावली की मग बाकीच्या खोल्या तशाच होतात. ही पहिली खोली मामांच्या हातची असायची. मक्केतल्या हॉटेलांच्याही कितीतरी मॉकअप खोल्या त्यांनी केल्या होत्या. मुसलमान नसल्याने मला मक्केत जाता येत नाही, म्हणून त्यांतल्या एका न्हाणीघराचा नकाशा त्यांनी मला कँटीनच्या टेबलावर ताकाने काढून दाखवला होता. त्या खोल्यांबाबत त्यांचा एक नेम होता. गादीवरची चादर स्वतःच्या हाताने ताणून घालायचे, पण त्या गादीवर कधी टेकायचे नाहीत. "ज्याची खोली, तो पयला बसंल," म्हणायचे, आणि रात्री कॅम्पातल्या आपल्या लोखंडी खाटेवर जाऊन झोपायचे.

ही मॉकअपची खोड साइटवर राहिली असती तर ठीक होतं, पण ती मामांच्या अंगात भिनली होती. जेद्द्यातल्या बलदच्या जुन्या बाजारात सहा शर्ट घ्यायला गेले तर एकच घ्यायचे, दोन महिने वापरून, धुऊन, उन्हात वाळवून त्याची परीक्षा घ्यायचे, आणि पास झाला की उरलेले पाच आणायला जायचे. तोवर तो माल संपलेला असायचा. पहिला शर्ट एकुलता एक राहायचा आणि मामा दुकानदाराला दूरदृष्टी नाही म्हणून चडफडायचे. सुट्टीवर निघण्याआधी महिनाभर ते एकदा संपूर्ण बॅग भरून, दोरी बांधून, खांद्यावर टाकून कॅम्पाच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तर त्यांनी कॅम्पात लग्नाच्या बिर्याणीचा मॉकअप केला. आम्ही बाराजण वऱ्हाडी म्हणून पंगतीला बसलो, आणि मामा वही घेऊन प्रत्येकाला "मीठ? बटाटा? परत मागावीशी वाटली का?" असं विचारत फिरले. मला त्यांनी मुलाकडचा रुसलेला काका केलं होतं. मी मनापासून रुसलो आणि दोन वेळा वाढून घेतलं.

मामींना मिसरचे पिरॅमिड दाखवायचे, ही मामांची सगळ्यात जुनी बाकी राहिलेली गोष्ट. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात पिरॅमिडचं एक चित्र होतं, आणि लग्न झाल्यावर मामा परदेशात नोकरीला निघाले तेव्हा मामींनी साडी मागितली नाही, सोनं मागितलं नाही, "तो दगडी डोंगर तिकडंच कुठंतरी हाय ना, तो दावा मला एकदा," एवढंच म्हणाल्या. पुढे तीन मुलं, त्यांची शिक्षणं, लग्नं, घरावरची स्लॅब, यांत पंचवीस वर्षं गेली. धाकटीचं लग्न झालं आणि मामांनी जाहीर केलं, "आता मामीला मिसर." मी म्हटलं, छान, त्यांना मुंबईहून थेट कैरोला बोलवा, ईदच्या सुट्टीत तुम्ही इकडून जा. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आधी मॉकअप, भाच्या. या ईदला आपण दोघं जाऊ, काय कसं हाय ते बघू. फुडल्या ईदला मामी."

आता मला माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. मी त्याच कंपनीच्या ऑफिसात माणसांची कागदपत्रं सांभाळायचो. इकामे म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, रजा, जाण्यायेण्याचे व्हिसे. माझ्या स्वतःच्या इकाम्यावर मात्र धंदा 'सुतार' असा होता, कारण मी आलो तेव्हा कफिलाकडे, म्हणजे आम्हाला बोलावून घेणाऱ्या सौदी मालकाकडे, सुतारांचेच व्हिसे शिल्लक होते. मामा मला साइटवर घेऊन गेले की चुकून कुणी हातात रंधा देईल म्हणून मी हात खिशातच ठेवायचो. ते दिवस सौदीकरणाचे होते. देशातल्या माणसांना कामं द्या, असा सरकारचा हुकूम, आणि तो रास्तच होता. आपल्याकडे असता तर आपणही पेढे वाटले असते. पण ज्या कंपनीत सौदी माणसं कमी, ती पिवळ्या पट्टीत जायची, आणि पिवळ्या पट्टीतल्या कंपनीला जुन्या परदेशी माणसांचे इकामे पुढे वाढवून मिळायचे नाहीत. आमची कंपनी त्या वर्षी पिवळी झाली. ईदच्या दहा दिवस आधी मॅनेजरने मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि एक यादी टाइप करायला दिली. इकामा संपला की घरी जाणारे. सातव्या ओळीत मामा होते. "ईद होईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये. गेलं तर आठव्या ओळीत तू," मॅनेजर म्हणाला. मी यादी टाइप केली, वर त्या दिवसाची तारीख घातली, आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

त्याच संध्याकाळी मामा माझ्या खोलीवर आले. हातात सुतळीचं एक बंडल. मागच्या सुट्टीत पंजाबी ड्रेसचं माप घेतो म्हणून त्यांनी मामींना सुतळीने मापून घेतलं होतं. एक गाठ डोक्याशी, एक खांद्याशी, एक गुडघ्याशी. "पिरॅमिडात वाट लय बुटकी असते म्हंतात. मामीला कुठं वाकाय लागंल ते आधी बघाय पायजे," मामा म्हणाले. मी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर सांगायला हवं होतं की मामा, तालीम राहू द्या, मामींना याच ईदला बोलवा, वेळ आहे अजून. मामींचा पासपोर्ट तयार होता, मुलगा मुंबईत होता, आठवड्यात सगळं जमलं असतं. माझ्या ओठावर आलं होतं ते. पण आठवी ओळही डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

मिसरमध्ये मामांनी जे केलं ते फॅरोच्या कंत्राटदारांनी बघितलं असतं तर त्यांनी थडग्यांतून उठून काम दुरुस्त करून दिलं असतं. लोक पिरॅमिड बघून आ वासतात. मामांनी खिशातून ओळंबा काढला. मग एक नाणं काढून खालच्या दगडांवर टकटक करत निघाले, कारण टाइलखाली पोकळी असली की आवाज बदलतो. पहारेकरी "मम्नूअ! मम्नूअ!", मनाई आहे, असं ओरडत धावत आला. मामांनी त्याला साइटवरच्या अरबीत समजावलं की घाबरू नकोस, माल आतून भरीव आहे. संग्रहालयात राजाच्या सुकलेल्या देहासमोर मामा टोपी सरळ करून बराच वेळ उभे राहिले. "आपण एक वर्साची गॅरंटी देतो नि सहाव्या म्हयन्यात फरशी सुटते. हे बघ काम," म्हणाले. स्फिंक्सच्या तुटक्या नाकाची त्यांनी वहीत नोंद घेतली. आणि उंटावर मला बसवलं. "मामीच्या जागी तू बस. वजन सारखंच पडंल," असं उंटवाल्यासमोर म्हणाले. उंट आधी मागच्या पायांवर उठतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या मानेला मिठी मारून देवाचा धावा करत होतो आणि मामा खाली शांतपणे लिहीत होते, 'उंट: मामीस वर्ज्य.'

ती वही मी चाळून बघितली होती. तीत पिरॅमिडबद्दल फारसं काही नव्हतंच. सावली कुठे आहे, संडास किती पावलांवर आहे, कोणता चहावाला साखर कमी घालतो, कुठल्या पायरीला कठडा नाही, कुठे बसून मामींना दम खाता येईल, अशी सगळी पानं भरलेली.

मोठ्या पिरॅमिडच्या आत, उंचावर, राजाची खोली आहे. तिकिटं काढली, रांगेत उभे राहिलो, आणि दाराशी आल्यावर मामा बाजूच्या दगडावर बसले. सुतळी माझ्या हातात दिली. "तू जा. वाट कुठं बुटकी हाय, चढ किती हाय, बघून ये. मी नाय येत."

"अहो मामा, इतक्या लांब येऊन? आतली खोलीच तर बघायची!"

"ती मामीबरोबर. ज्याची खोली, तो पयला. आनि भायेर आल्यावर मला खोलीचं काय सांगू नकोस. फक्त वाटेचं सांग."

मी तिथे उभा होतो. मागचे लोक ढकलत होते. फुडली ईद नाहीये मामा, आत चला, एवढं एक वाक्य. जगात फक्त मला ठाऊक असलेलं. मी सुतळी घेतली आणि आत गेलो. वाकून, रांगून, घामाघूम होऊन वर पोचलो. तिथे एक काळोखी रिकामी खोली होती आणि दगडाची एक पेटी. मी चार सेल्फी काढले आणि खाली आलो. बाहेर मामा लहान मुलासारखे दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेले. मी सांगितलं की अर्ध्या वाटेत मामींना खांद्याच्या गाठीपर्यंत वाकावं लागेल. ते हरखले. "जमंल तिला. भातलावणी केलेली बाई हाय," म्हणाले, आणि लिहून घेतलं.

ईद झाली. यादी बाहेर आली. मामांना घरी पाठवण्याचा कागद त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडेच आलं. ते चष्मा लावून सगळा कागद नीट वाचत गेले, फरशीची रेघ तपासतात तसे. मग त्यांनी यादी मागितली, आणि तिच्या वरच्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं. ते बोट मला अजून दिसतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो, आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तर मंग आता सांग," मामा म्हणाले. "खोली कशी होती?"

"मोठी होती मामा. रिकामी होती."

"दगड कसला? ग्रॅनाइट? सांधे कसे होते? नख जात होतं का? छताला केवढाले दगड?"

मला काही म्हणजे काही आठवेना. मोबाइल काढून बघितलं तर चारही फोटोंत माझंच तोंड. मी मोबाइल परत खिशात घातला. मामांनी पेन उचललं. "खलास," म्हणाले, आणि कागदावर सही केली. या वेळी बॅग भरायची तालीम केली नाही त्यांनी. एकदाच भरली.

ज्या खुर्चीसाठी मी तोंड बंद ठेवलं, ती दोन वर्षांनी एका सौदी पोराला मिळाली. माझ्यासारख्या ऑफिसातल्या जागाही त्यांच्यासाठी राखीव झाल्या, आणि इकाम्यावरचा सुतार मोकळ्या हाताने घरी आला. मुलगा चांगला होता. मी त्याला सगळं काम समजावून दिलं आणि ड्रॉवरची किल्लीही दिली.

गेल्या वैशाखात आईच्या गावी गेलो होतो, तेव्हा धीर करून मोहल्ल्यात गेलो. मामा थकलेत. मामींच्या गुडघ्यांनी आता उंबरासुद्धा ओलांडवत नाही. आता कुणी विमानाचं तिकीट हातात ठेवलं तरी त्या कुठे जाणार नाहीत. परसात पडवळाचा मांडव होता, आणि वेल वर चढवायला बांधलेल्या सुतळीला मला तीन गाठी दिसल्या. मामींनी माझ्यासमोर घावणे ठेवले आणि म्हणाल्या, "तुझ्या मामांनी मला ती राजाची खोली सगळी सांगितलीय हां. आख्खी ग्रॅनाइटची. दगडाला दगड असा बसवलाय की मधी सुई जायची नाय. छतावर नऊ का दहा शिळा, आनि पेटीचा एक कोपरा उडालेला. हे आत ऱ्हायले नि यांना भायेर येववंना. होय ना रे? तू होतास ना बरोबर?"

मामा ओटीवर पाठमोरे बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

"होय मामी," मी म्हटलं. "मलाच त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं."

निघताना मामा मला पोचवायला नारळीपर्यंत आले.  मग माझा दंड धरून, मामींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बराबर सांगितलं ना रे मी तिला? सांधे तसेच होते ना?"

"अगदी तसेच होते मामा," मी म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि "ये हां भाच्या परत," म्हणून माझ्या पाठीत गुद्दा घातला. पूर्वीसारखा लागला नाही तो.