डॉक्टरांचा दुसरा आवाज

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतक्या वेळा मेलेला माणूस त्या काळी साऱ्या नागपुरात दुसरा नसेल. विष पिऊन, सुरा लागून, झुरून, बुडून, कड्यावरून पडून; मरणाचा एकही प्रकार त्यांनी सोडला नव्हता. पोटापाण्याचा धंदा मनाच्या डॉक्टरचा. धंतोलीतल्या दवाखान्यात ते दिवसभर लोकांना जगायचं कसं ते समजावून सांगत आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळीत येऊन स्वतः मरत. शिवाय दिवाळी अंकांत भुतांच्या गोष्टी लिहीत, रेडिओवर श्रुतिका करीत. मी मंडळीत प्रॉम्प्टर. त्यामुळे त्यांची बहुतेक मरणं मी विंगेतून, हातात वही धरून पाहिली आहेत.

सकाळी न्हाणीघरात त्यांची तालीम चाले, कारण तिथे आवाज घुमतो. पहिल्या दिवशी ती किंकाळी ऐकून दूधवाल्याच्या हातून चरवी पडली. पुढे सगळ्या गल्लीला सवय झाली. वहिनी तर स्वयंपाकघरातूनच ओरडत, ‘‘मेले असाल तर बाहेर या हो, चहा थंडा होऊन राहिला!’’

पेशंटही नाटकाला येत. एकदा डॉक्टर छातीवर हात ठेवून रंगमंचावर कोसळत असताना तिसऱ्या रांगेतले एक कारकून ताडकन उभे राहिले. ‘‘डॉक्टर, घाबरू नका! लांब श्वास घ्या, दहापर्यंत मोजा!’’ हा उपाय त्यांना डॉक्टरांनीच शिकवलेला. डॉक्टरांनी मरता मरता मान हलवली, शांतपणे दहापर्यंत मोजलं आणि मग मेले. टाळ्या थांबेनात. मी म्हटलं, ‘‘याच्यावर एक गोष्ट लिहा.’’ तर डोळे वटारून म्हणाले, ‘‘पेशंटचं दुःख पेशंटचं. आपण भुतांवर लिहावं, ती तक्रार करत नाहीत.’’

या भुतांसाठी त्यांनी एक वेगळाच आवाज ठेवला होता. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. खोल आणि कोरडा. संहिता माझ्या हातात असायची, पुढचं वाक्य मला पाठ असायचं, तरी तो आवाज लागला की माझ्या मानेवर काटा येई.

त्या आवाजात त्यांनी स्वतः लिहिलेली एक श्रुतिका केली. मेलेला नवरा घरी येतो आणि बायकोशी बोलतो, अशी. भाषा अगदी शुद्ध, पुस्तकी. पण रेकॉर्डिंगच्या वेळी, मी संहिता घेऊन शेजारीच उभा असताना, शेवटी डॉक्टर भलतंच बोलून गेले : ‘‘कवाड लोटून घे वं. ऊन आत येते.’’ माझ्याजवळच्या संहितेत हे वाक्य नव्हतं. निर्माते चिडले, पण वेळ संपली होती, म्हणून तसंच राहिलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘मी कुठे बोललो असं?’’ डॉक्टर मूळचे रत्नागिरीकडचे. पंधरा वर्षं नागपुरात काढूनही त्यांच्या तोंडी ‘वं’ कधी आलं नव्हतं.

श्रुतिका लागली आणि आठवड्याभरात भिवापूरकडची एक बाई भावाला घेऊन डॉक्टरांच्या दारात आली. भाऊ आमच्या ओट्यावर बसून सांगत होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी बाईचा नवरा भरदुपारी बाजाराला निघाला. नवराबायकोत काहीतरी बोलाचाली झालेली. जाताना तो म्हणाला, ‘‘कवाड लोटून घे वं. ऊन आत येते.’’ ही रागात उठली नाही. त्याला वाटेत लू लागली आणि तो एका बाभळीखाली मेलेला सापडला. ‘‘तवापासून कवाड उघडंच ठेवते, साहेब. रात्री कुत्रे येते, एकदा साप आला. म्हणते, ते आले तं बाहेर उभे राहतीन काय? अन् आता रेडिओत त्याहिचा आवाज आयकला.’’

आम्ही दोघे डॉक्टरांच्या घरात गेलो, तर आत बाई डॉक्टरांकडे पाहतही नव्हती. डोळे मिटून एकच म्हणत होती, ‘‘बोला ना. कवा येता, तेवढं सांगा.’’

भाऊ काकुळतीला आला. ‘‘डॉक्टरसाहेब, तुमी नाटकवाले. एक डाव त्याहिच्या आवाजात सांगून टाका, मी येत नाही म्हणून. सुटन बिचारी.’’ मलाही ते पटलं. पण डॉक्टर पांढरेफटक पडले. म्हणाले, ‘‘आज मी ‘येत नाही’ म्हणालो, तर उद्या ती विचारेल, का येत नाही? जन्मभर मला तिचा नवरा राहावं लागेल.’’

बाई मात्र दर मंगळवारी येत राहिली. डॉक्टर तिच्याशी आपल्या साध्या, किंचित नाकातल्या आवाजात बोलत. महिन्या-दीड महिन्यानं त्यांनी माझ्याकडून तालमीच्या हॉलची किल्ली मागून घेतली. मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आलेल्या. मी दार उघडून देऊन जायला निघालो, तर बाईच म्हणाली, ‘‘राहू द्या त्याहिले.’’

डॉक्टरांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. ‘‘समोर ते बसलेत असं समजा. मनात आहे ते बोला.’’ बाई आधी रडली, मग भांडली. ‘‘उन्हाचं काहून गेले? मी नाही उठली तं तुमी थांबले काहून नाही?’’ बराच वेळ गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘आता त्या खुर्चीत बसा. ते काय म्हणतील, ते तुम्हीच सांगा.’’

ती उठून त्या खुर्चीत बसली. पदर खांद्यावर पडला. तिनं तोंड उघडलं आणि तो आवाज आला. खोल, कोरडा, रांजणातला. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. ‘‘तुह्यावर राग नाही वं. मले आता येनं होत नाही. लेकरायले सांभाळ. कवाड लोटून घे.’’

मग ती उठली आणि हॉलचं उघडं दार तिनं हळूच लोटलं. आत एकदम अंधारलं. त्या अंधारात ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, पानी भेटन का?’’

बाई बरी झाली. त्या दिवसापासून डॉक्टरांना मात्र तो आवाज लागला नाही. न्हाणीघरात घसा ताणून पाहिला, काढे घेतले. नुसता खोकला येई. शेवटी ते विनोदी सासऱ्यांच्या कामांवर आले आणि त्यांतही नाव काढलं. मी छेडलं की म्हणत, ‘‘तिनं रेडिओवर ऐकलेला आवाज उचलला. माणसाचं मन असं करतं, त्यात नवल नाही.’’ मग ते वाक्य? ‘‘कुठेतरी कानावर पडलं असेल,’’ एवढं म्हणून ते सुपारी कातरायला घेत.

एकदाच, संध्याकाळी व्हरांड्यात बसलो असताना, न विचारता म्हणाले, ‘‘आवाज गेल्याचं मला वाईट वाटत नाही हो. पण त्याला आणखी काही सांगायचं राहिलं असेल, तर आता तो कुणाकडे जाईल?’’

मी हसणार होतो. पण ते रस्त्याकडे पाहत होते. आपला एखादा जुना पेशंट वेळ होऊनही आला नाही की पाहत, तसे.